बुटका खर्व

आमच्या काचीगुड्याच्या घरात मराठी दोन प्रकारची होती. एक आईची आणि एक नानांची. आई नगरकडची. तिचं बोलणं घासलेल्या पितळी तांब्यासारखं लख्ख. नाना, म्हणजे आमचे वडील, जन्मले हैदराबादेत, शिकले उर्दूत, आणि पुढे सरकारी शाळेत गणित शिकवत राहिले तेही उर्दूतच. घरात ते मराठी बोलत, देवापुढे मराठी बोलत, भाजीवालीशी तेलुगू बोलत. पण आकडा आला की त्यांची जीभ आपोआप उर्दूकडे वळे. दूधवाल्याशी ते मराठीत भांडायला सुरुवात करत आणि हिशेबापाशी आले की "सवा सेर के हिसाब से" असं होऊन जाई. मला त्यात काही वेगळं वाटत नसे. गणिताची भाषा उर्दू आणि स्वयंपाकघराची मराठी, अशीच जगाची वाटणी असते असं मी बरीच मोठी होईपर्यंत धरून चालले होते.

घर स्टेशनाच्या मागच्या बाजूला होतं. सकाळी डबे जोडण्याचा धडाड्धडाड् आवाज यायचा, आणि तो आला की आई भाकरीचा तवा चढवायची. ज्वारीच्या भाकरीबरोबर बहुतेक दिवशी अंबाडीची भाजी असे, तिच्यावर लसणाची फोडणी, आणि जोडीला चिंचेचं पातळ सार. संध्याकाळी चहाबरोबर उस्मानिया बिस्किटं. ती नानांनी कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणायची, हा त्यांचा एकुलता एक शौक. मी आज या वयातही चहात बिस्किट बुडवते आणि ते तुटून आत पडायच्या आधी नेमकं उचलते. ही कला नानांची. ते म्हणत, बिस्किटाला किती वेळ सहन होतं ते एकदा कळलं की माणसालाही किती वेळ सहन होईल ते कळतं.

चहाच्या वेळेला हमीदचाचा असायचेच. नानांच्याच शाळेत ते वरच्या वर्गांना गणित शिकवत. अंबरपेठेहून सायकलवर येत, सायकल आमच्या जाईच्या मांडवाला टेकवत आणि आई रोज म्हणे, "हमीदभाई, मांडव पडेल." ते रोज म्हणत, "भाभी, पडा तो नया बांध देतूं." मांडव कधी पडला नाही. या दोघांना एक वेड होतं. मोठमोठ्या संख्या घ्यायच्या आणि त्यांचा स्वभाव शोधायचा. होय, स्वभावच म्हणत ते. एखाद्या संख्येला ज्या ज्या लहान संख्यांनी नि:शेष भाग जातो त्या सगळ्यांची बेरीज करायची. बेरीज संख्येपेक्षा कमी भरली तर ती नाकिस, जास्त भरली तर जाइद, आणि अगदी तेवढीच भरली तर कामिल. सहाला एक, दोन आणि तीन यांनी भाग जातो, त्यांची बेरीज सहा. अठ्ठाविसाला एक, दोन, चार, सात, चौदा, बेरीज अठ्ठावीस. अशा संख्या फार थोड्या. सहा, अठ्ठावीस, चारशे शहाण्णव, आठ हजार एकशे अठ्ठावीस, आणि मग एकदम कोटींच्या घरात उडी.

त्यांचं सगळ्यांत मोठं प्रेम सातव्या कामिल संख्येवर होतं. ती बारा आकड्यांची आहे. मी ती आजही न अडखळता लिहू शकते: १,३७,४३,८६,९१,३२८. ती मिळवायची रीत सोपी. एकापासून दुप्पट दुप्पट करत जायचं आणि बेरीज करत जायचं. बेरीज जर मूळसंख्या निघाली, म्हणजे तिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नसला, तर शेवटच्या दुपटीने तिला गुणायचं की झाली कामिल संख्या तयार. अडचण एवढीच की बेरीज मूळसंख्या आहे की नाही ते तपासावं लागतं. सातवीसाठी तपासायची संख्या ५,२४,२८७. तिला सातशे एकोणीसपर्यंतच्या प्रत्येक मूळसंख्येने भागून पाहावं लागतं. ते पुस्तकात दिलेलं होतंच, पण या दोघांना पुस्तकावर विश्वास ठेवणं कमीपणाचं वाटे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते जाईखाली बसून पाटीवर भागाकार करत, एकाने केलेला दुसरा तपासे. दर वेळी बाकी उरली की हमीदचाचा समाधानाने म्हणत, "नक्को बोल री." म्हणजे ती संख्या भाग घ्यायला नको म्हणते आहे.

मग हैदराबाद रियासतीचे भाषेवार तीन तुकडे होणार हे ठरलं. आमच्यासारख्या घरांत त्याचा अर्थ एकच होता: ज्याची मातृभाषा मराठी त्याची नोकरी मराठी जिल्ह्यांत. नानांचं नाव यादीत लागणार हे नक्की होतं. गाव कोणतं ते कळलं नव्हतं, पण हैदराबाद नव्हे एवढं कळलं होतं. आईने पितळी डबे गोणपाटात शिवायला घेतले. हमीदचाचा एका संध्याकाळी बिस्किट हातात धरून बसून राहिले आणि म्हणाले, "मुल्क की तक्सीम देखी, अब रियासत की देख रऊं. मास्टर, तू गया तो मैं तक्सीम किसके साथ करूं?" तक्सीम म्हणजे भागाकार, आणि तक्सीम म्हणजे फाळणीही. नानांचं बिस्किट चहात पडलं. हे मी आयुष्यात एकदाच पाहिलं.

वाट निघाली ती सुलतान बाजाराकडून. मी तिथल्या ज्या मराठी शाळेत जात होते तिथे गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली. शाळा खाजगी, पगार कमी, पण हैदराबाद सुटणार नव्हतं. संस्थेची अट एकच: उमेदवाराने वर्गावर नमुना पाठ घ्यायचा, संपूर्ण मराठीतून. नाना पाच पिढ्यांचे मराठी, आणि ही अट ऐकून त्यांना घाम फुटला. त्यांना गुणाकार हा शब्द माहीत होता, पण तोंडात जर्ब यायचं. अपूर्णांकाला ते कसर म्हणत. मूळसंख्या हा शब्द त्यांनी माझ्या पुस्तकात पहिल्यांदा पाहिला आणि म्हणाले, "मूळ? हे काय, मुळ्याची बहीण?"

शिकवणी आईने घेतली. ती फक्त मराठी चौथी शिकलेली, पण पाढे, पावकी, निमकी तिला तोंडपाठ. ती भाकरी थापत असे आणि नाना चुलीशेजारी पाटावर बसून तिला पाठ समजावत. नियम असा की तोंडातून एक उर्दू शब्द गेला की संध्याकाळचं एक बिस्किट गेलं. गेलेलं बिस्किट मला. त्या दिवसांत माझी तब्येत चांगली सुधारली.

"आता या अदद..." नाना म्हणत.

"शालू, एक," आई म्हणे.

"या संख्येला. या संख्येला दोनने तक्सीम..."

"शालू, दोन."

"अगं, निदान वाक्य पुरं करू दे. हुजूर, रहम करा."

"तीन आणि चार."

खरा घोळ कामिल शब्दावर झाला. आई म्हणाली, कामिल म्हणजे पूर्ण. नाना म्हणाले, पूर्ण संख्या तर मराठीत अपूर्णांक नसलेल्या कोणत्याही संख्येला म्हणतात, शालूच्या पुस्तकात आहे. आईने भाकरी उलटली. म्हणाली, "मला एकदा नीट सांगा, ती करते काय?" नानांनी सांगितलं. आठाचे भाजक मिळून सातच भरतात, बाराचे सोळा भरतात, सहाचे सहाच. आई म्हणाली, "मग सोपं आहे. आठ उपाशी. बाराला अजीर्ण झालंय. सहा तृप्त." नाना पाटावरून ताडकन उठले. मग म्हणाले, "हमीदला सांगायला पाहिजे." हमीदचाचांना सांगितलं, तर त्यांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून ते स्वतःच नाकिसला "भूका" म्हणू लागले.

एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती, आता कळते. मराठी मुलखात गेलो असतो तर आईचंच भलं होतं. तिचं माहेर जवळ आलं असतं, आजूबाजूला तिची भाषा आली असती, तिला भाजीवालीशी खुणांनी बोलावं लागलं नसतं. माझ्या मावशीने पत्रातून तिला तेच लिहिलं होतं. मी एकदा विचारलंसुद्धा की तुला जायचं नाही का. ती म्हणाली, "माहेर वर्षातून एकदा पुरतं. ह्यांचा चेहरा मला रोज बघायचाय. तिकडे जाऊन तो पडला तर मी काय करू?" आणि तिने नानांना पुढचा शब्द विचारला.

पाठाच्या आदल्या दिवशी तिने एकच सूचना दिली. "आठ हजारांवर थांबा. तुमची मराठी कोटीपर्यंतच शिजली आहे. त्याच्या पुढची कच्ची आहे." नाना म्हणाले, "थांबतो. जबान देतो." आईने माझ्याकडे पाहिलं. मी बोट वर केलं: एक.

पाठ आमच्याच वर्गावर झाला. मागच्या बाकांवर संस्थेचे दोघे बसले. एक वकीलसाहेब, संस्थेचे चिटणीस, नानांसारखेच उर्दूत शिकलेले, पानाने ओठ रंगलेले. दुसरे शास्त्रीबुवा, वाईकडून येऊन इथे संस्कृत शिकवणारे, उपरणं नीट घडी करून मांडीवर ठेवलेलं. खिडकीशी हमीदचाचा उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि जा म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. मी दुसऱ्या बाकावर होते. बापाच्या हाताखाली बसायचं म्हणून माझे कान तापले होते.

नानांनी सुरुवात छान केली. उपाशी, अजीर्ण, तृप्त हे शब्द फळ्यावर लिहिले तसा वर्ग हसला. मुलं स्वतःच संख्या सुचवू लागली. दहा? उपाशी. अठरा? अजीर्ण. सतरा? ती तर उपाशीच मेली, मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, आणि नाना म्हणाले, "बरोबर. मूळसंख्यांचं नशीबच तसं. पदरात नुसता एक." शास्त्रीबुवा हसले. जर्ब नाही, तक्सीम नाही, अदद नाही. मी मनातल्या मनात बिस्किटं मोजत होते, आणि त्या दिवशी मला एकही मिळणार नव्हतं. आठ हजार एकशे अठ्ठावीस आली. फळा भरला. नानांनी खडू खाली ठेवला.

मग त्यांची नजर खिडकीकडे गेली. हमीदचाचांनी काही केलं नाही, फक्त भुवया थोड्या वर केल्या. मी समजले. नानांनी खडू परत उचलला. फळ्याचा एक कोपरा पुसून त्यांनी ते बारा आकडे लिहिले, सावकाश, जिवाभावाच्या माणसाचं नाव लिहावं तसे. आणि म्हणाले, "ही सातवी. एक खर्व, सदतीस अब्ज, त्रेचाळीस कोटी, शहाऐंशी लक्ष, एक्याण्णव हजार, तीनशे अठ्ठावीस."

"थांबा," शास्त्रीबुवा म्हणाले. "किती खर्व?"

"एक."

"आणि वर सदतीस अब्ज? मास्तर, दहा अब्जांचा एक खर्व. दहा आणि सदतीस सत्तेचाळीस. फळ्यावर तर एकशे सदतीस अब्ज दिसतात. तुमच्या तृप्त बाईचे नव्वद अब्ज कुठे सांडले?"

वकीलसाहेबांनी पान गालात सरकवलं. "शास्त्रीबुवा, शंभर अब्जांचा खरब. मास्तर बरोबर बोलले. आम्ही लहानपणापासून हेच शिकलो."

"तुम्ही खरब शिकलात. हे खर्व म्हणाले."

"एकच झालं की. कोर्टात..."

"तुमच्या कोर्टात खरबांचे दावे चालतात का?"

चूक अगदी आमच्या मुलखाची होती. उर्दूत शंभर अरबांचा खरब होतो. नानांनी अरबाचं अब्ज केलं ते जमलं, कारण ते दोन्ही एकच. मग खरबाचं खर्व केलं, आणि ते मात्र दोन नाहीत. नावं सख्ख्या भावांसारखी, पण एक दुसऱ्याच्या दहापट. उर्दूत वाढलेल्या मराठी माणसाशिवाय ही चूक कोणाला करता आली नसती. पाठ मराठीतून घ्यायचा होता, आणि नेमकं मराठीच चुकलं होतं.

नाना दोघांचं ऐकत उभे होते. त्यांना वकीलसाहेबांचा हात धरून सुटता आलं असतं. चिटणीस त्यांच्या बाजूने होते, सही त्यांचीच लागायची होती. नाना म्हणाले, "वकीलसाहेब, आभारी आहे. पण आकडा आधी, नाव मागून. आपण वर्गालाच विचारू." आणि ते आमच्याकडे वळले. "उजवीकडून एकेका घराचं नाव सांगा. मी वर लिहितो. मला येत नाही तिथे तुम्ही मला शिकवा."

वर्ग एका सुरात म्हणू लागला. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी. इथे सूर फाटला. पुस्तक तिथेच संपत होतं. नानांचा खडू सातवर थांबला होता आणि सात, तीन, एक असे डावीकडचे तिन्ही आकडे बिननावाचे उभे होते.

मला पुढचं येत होतं. आईने पोळपाटाच्या तालावर ते मला कधीच पाठ करून घेतलं होतं. पण ते म्हणायचं म्हणजे नाना चुकले असं मोठ्याने सांगायचं, आणि वकीलसाहेबांना, जे एकटे त्यांच्या बाजूने बोलले होते, खोटं पाडायचं. घरात गोणपाटात डबे होते. मी बाकाची कड धरून बसले. नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते फळ्याकडे तोंड करून म्हणाले, "कोणाला येत असेल त्याने मास्तरांची भीड धरू नये."

मी उभी राहिले. "अब्ज," म्हणाले. त्यांनी सातवर लिहिलं. "खर्व." तीनवर लिहिलं. "निखर्व." एकावर लिहिलं. आकडे संपले होते, पण माझी गाडी थांबेना. "महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध," असं म्हणून मी एकदाची बसले. कोणीतरी हसलं.

नानांनी फळ्यावरचं पुन्हा वाचलं. "एक निखर्व, तीन खर्व, सात अब्ज, त्रेचाळीस कोटी, शहाऐंशी लक्ष, एक्याण्णव हजार, तीनशे अठ्ठावीस. शास्त्रीबुवांचं बरोबर. लिहून घ्या: मास्तर चुकले, संख्या नाही." मग त्यांनी सगळ्या आकड्यांची बेरीज करायला सांगितली. पंचावन्न. पाच आणि पाच दहा. एक आणि शून्य एक. "आता अठ्ठाविसाची करा." दहा, म्हणजे एक. चारशे शहाण्णवची एकोणीस, म्हणजे दहा, म्हणजे एक. सहा सोडली तर आत्तापर्यंत सापडलेल्या प्रत्येक तृप्त संख्येचं असंच होतं, ते म्हणाले. "तिला कोणत्याही नावाने हाक मारा, ओ एकच देते."

शास्त्रीबुवांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "मास्तर, खर्व शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊक आहे का? बुटका. आपला खर्व त्यांच्या खरबापुढे बुटकाच." सगळ्यांत मोठ्याने वकीलसाहेब हसले, आणि खिडकीतून हमीदचाचा म्हणाले, "हौ, हमारा खरब लंबा है." नाना इतके खूश झाले की माझ्याकडे वळून म्हणाले, "शाबाश बेटा. तशरीफ रखो." मी तर आधीच बसले होते. संपूर्ण पाठातली तेवढीच उर्दू. घरी गेल्यावर मी आईला ती इमानाने सांगितली.

आई खर्वाचं ऐकून कपाळाला हात लावून बसली. "आठ हजारांवर थांबतो म्हणाला होतात."

"तू मुलीला परार्धापर्यंत शिकवलंस," नाना म्हणाले, "आणि नवऱ्याला कोटीवर ठेवलंस."

"नवऱ्याने विचारलंच नाही."

मी आता एका कंपनीत हिशेब तपासते. समोर मोठी रक्कम आली की पेन्सिलीचं टोक उजवीकडून एकेका आकड्यावर टेकवत जाते, ओठ न हलवता. माझा मुलगा मागून बघतो आणि म्हणतो, "आई, वन थर्टी सेव्हन बिलियन. झालं." त्याला मराठी वाचायला वेळ लागतो, आकडे मात्र माझ्यापेक्षा लवकर वाचतो. मी त्याला रागावत नाही. ओ तीच देते.

त्या पाठाचा निकाल लागायला बरेच दिवस गेले. मधल्या काळात यादी आली, तिच्यात नानांचं नाव होतं, आणि गावही कळलं; ते ऐकून आईने उरलेले दोन डबेही शिवून टाकले. मग एका संध्याकाळी जाईच्या मांडवाशी एकदम दोन सायकली टेकल्या आणि मांडव खरंच कलला. नाना चपला न काढता आत आले. मागे हमीदचाचा होते आणि त्यांच्या हातात बेकरीचा भला मोठा पुडा होता. पुढे कळलं की वकीलसाहेब नेमणुकीवर सही करायला का कू करत होते आणि शास्त्रीबुवांनी त्यांना सांगितलं, भरवर्गात शिकून घेणारा मास्तर मला पुन्हा मिळायचा नाही.

नाना स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "सुनो, तकर्रुर मंजूर हो गया. अब कहीं नहीं जाना."

आईच्या हातात पीठ होतं. ती तशीच उठली, कोपऱ्यातल्या गोणपाटाशी गेली आणि विळीने पहिल्या डब्याची शिवण उसवायला लागली. मी सवयीने बशीकडे बघितलं. अख्खी दोन वाक्यं, मराठी शब्द एक नाही. मी बोटं वर करायला लागले.

"शालू," आई पाठमोरीच म्हणाली, "आज मोजू नकोस." आणि हमीदचाचांनी पुडा फोडून सगळाच्या सगळा नानांच्या पुढ्यात ओतला.